डबीचा चामडी अंगरखा

“आधी बसा. मग बोलू.”

दारात कोणीही उभं राहिलं की बूटमास्तर हेच म्हणायचे. गिऱ्हाईक असो, टपालवाला असो, भांडायला आलेला कोणी असो. स्वतःचा मुलगा रागानं धुमसत आत आला तरी त्यालाही हेच. एकदा दुकानात भटकं कुत्रं शिरलं, तर मास्तरांनी त्यालाही हेच सांगितलं, आणि गल्लीतले लोक अजून शपथेवर सांगतात की ते बसलं.

या बोलण्याला कारण होतं. मास्तर बूट करायचे ते साध्या पायांचे नव्हते. जन्मतः वळलेले पाय, आजारात आखडलेले पाय, अपघातात आखूड झालेले पाय, ज्यांना बाजारातला एकही बूट आपलं म्हणत नाही, अशा पायांचे बूट ते करायचे. तसा माणूस दारात उभा असतो तेव्हा तो नुसता उभा नसतो, उभं राहण्याची मेहनत करत असतो. मास्तरांना ते सांगावं लागत नव्हतं. त्यांचा स्वतःचा डावा पाय लहानपणापासून आखूड होता आणि त्या बुटाला त्यांनी जाड तळ लावलेला होता. ते चालले की फरशीवर एक आवाज टक्‌ असा यायचा आणि दुसरा धप्‌ असा. त्या टक्‌-धप्‌ वरून सुनेला घराच्या कुठल्याही खोलीतून कळायचं, की बाबा कुठे आहेत आणि आज त्यांचा नूर कसा आहे.

गोष्ट मास्तरांचीच आहे. पण ती सुनेच्या बाजूनं पाहिलेली बरी, कारण त्या दिवसांत सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला होता तो तिचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काच, एका बाजूला भिंतभर फळ्या, मधोमध जाडजूड लाकडी बाक. बाकाच्या एका टोकाला मास्तर चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी घेऊन बसत. दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, घासायच्या मशीनवर उभा असे. मशीन सुरू झालं की बुटांचे तळ गुळगुळीत व्हायचे आणि बाकावरच्या कपातला चहा थरथरायचा.

फळ्यांवर पूर्वी पाय होते. प्लास्टरचे, पांढरे, ओळीनं मांडलेले. गिऱ्हाईकाच्या पायाचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, तो ठसा शेजारच्या सुताराकडे द्यायचा, सुतारानं त्यावरून लाकडी साचा कोरायचा, आणि त्या साच्यावर मास्तरांनी चामडं ताणायचं. बूट झाला की तोच साचा तासून पुढच्या पायाला वापरायचा; माप जपायचं ते प्लास्टरच्या पायात. दोघांची अर्धी हयात अशी गेली. सुताराचं दुकान आणि मास्तरांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीवर दोघांनी दोन बाजूंनी इतके खिळे ठोकलेले की भिंत कोणाची हा वाद करायची सोय राहिली नव्हती.

सून आली ती कॉम्प्युटर शिकून. तिनं पाहिलं, ओल धरून प्लास्टरचे पाय सुटत चालले आहेत. कोणाचा अंगठा गळाला, कोणाची टाच भुसभुशीत झाली. तिनं हट्टानं एक स्कॅनर आणवला. पायाभोवती हळूहळू फिरवला की स्क्रीनवर पाय जसाच्या तसा उमटे. ती फाईल दूरच्या एका कारखान्याला पाठवायची, तिथलं यंत्र साचा कोरून पार्सलनं पाठवायचं. एकेक करून तिनं फळीवरचे सगळे पायही स्कॅन केले आणि एके सकाळी म्हणाली, “बाबा, आता हे टाकून देऊ या. सगळं यात आलंय.”

‘यात’ म्हणजे तळहाताएवढ्या एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये. घरात तिला सगळे डबी म्हणू लागले.

मास्तर कितीतरी दिवस त्या पायांवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, “चालेल.” प्लास्टरचे पाय फोडले तेव्हा मात्र ते दुकानात थांबले नाहीत. गाडी पांढरे तुकडे घेऊन गेली. फळ्या पुसल्या गेल्या. सुताराकडचं कामही त्याच दिवशी पुसलं गेलं. त्यावरून कोणी भांडलं नाही. भांडण झालं ते नंतर, भुशावरून. सुताराच्या मशीनचा भुसा ओल्या पॉलिशवर बसतो असं मास्तर म्हणाले, तुमच्या चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासानं डोकं उठतं असं सुतार म्हणाला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. भुसा काही त्या दिवशी पहिल्यांदा उडाला नव्हता. सुनेला हे कळत होतं. 

डबीसाठी मास्तरांनी अंगरखा शिवला. उरलेल्या चामड्यातून नव्हे, चांगल्या मऊ चामड्याचा एक अख्खा तुकडा काढून. आतून लोकरीचं अस्तर, बारीक टाका, वरून बूट बांधावा तशी नाडी. अगदी मापात, नखभर हवा शिरायला जागा नाही.

“एवढे पाय पोटात घेऊन बसलीये,” ते म्हणाले, “उघडी कशाला ठेवायची?”

बाकावरच, स्वतःच्या हाताशी, त्यांनी डबीसाठी एक खाच केली आणि त्यात तिला उभी बसवली. ही माया पुढे महागात पडणार होती, पण तेव्हा सगळ्यांना तो अंगरखा पाहून कौतुकच वाटलं.

वर्ष-सव्वा वर्ष डबीनं मुकाट्यानं काम केलं. मग ती मंदावली. फाईल उघडायला सांगितली की स्क्रीनवरचं वर्तुळ गरगरत राहायचं. आधी घोटभर चहा होईपर्यंत, मग अख्खा कप संपेपर्यंत.

“तुझी डबी माझ्या मोठ्या मामासारखी झालीये,” नवरा मशीनवरून ओरडायचा. “हाक मारली की आधी खोकायचं, मग विचार करायचा, मग विसरायचं.”

“तुमच्या सिनेमांनी तिचं पोट फुगलंय,” ती म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं. रिकामी जागा दिसली की नवरा त्यात सिनेमे भरून ठेवायचा. डबी काठोकाठ भरली होती. शिवाय घाईत दोघंही कॉम्प्युटरला न सांगताच तिची वायर उपटायचे, पायातला मोजा ओढून काढावा तशी.

सुनेनं कॉम्प्युटर बंद-चालू करून पाहिला. धूळ पुसली. थोडे दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. हळूहळू तिला सवय लागली, फाईल मागायची आणि श्वास धरून बसायची. आतून टिक्‌ असा बारीक आवाज यायचा, थोडं थांबून पुन्हा टिक्‌. मास्तरांना हे सांगावं असं रोज मनात यायचं. पण सांगायचं काय? की तुमचे पाय मी फोडायला लावले आणि आता ज्याच्यात ठेवले तेच खोकतंय? उद्या सांगू, असं म्हणत तिनं बरेच उद्या घालवले.

आणि मग ग्रंथपालबाई पडल्या.

गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंचा डावा पाय जन्मतः आत वळलेला. मास्तरांचा बूट घालून त्यांनी सारं आयुष्य शिड्या चढण्यात आणि पुस्तकं उतरवण्यात काढलं. वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढताना त्यांचा तोल गेला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात घाईघाईत कोणीतरी त्यांचा बूट कात्रीनं कापून काढला. त्यांची भाची तो कापलेला बूट पिशवीत घालून दुकानात आली. दारातच तिचे डोळे भरून आले.

“आधी बस,” मास्तर म्हणाले. “मग बोलू.”

भाची बसली. म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन चांगलं झालंय, पण सूज उतरली की लगेच उभं राहायला हवं. पडून राहिल्या तर सांधे धरतील, मग उठणं नाही. आणि त्या बुटाशिवाय मावशी उभी राहूच शकत नाही, काका. पाय जमिनीला लागतच नाही.”

मास्तरांनी कापलेला बूट हातात घेऊन आतून बोटं फिरवली. इतक्या वर्षांच्या वापरानं चामडं सैलावलेलं, वरून कात्रीनं दोन फाळ्या झालेल्या. त्यावरून माप निघणार नव्हतं. पायाचं माप आता घ्यावं तर तो सुजलेला, पट्ट्यांत बांधलेला. सूज उतरेपर्यंत थांबावं तर बूट तयार व्हायला पुढचे कितीतरी दिवस लागणार. काम आजच सुरू व्हायला हवं होतं.

“माप आहे आपल्याकडे,” मास्तर शांतपणे म्हणाले. “काळजी करू नकोस. सूनबाई, काढ गं बाईंचा पाय.”

 सुनेनं डबीची वायर लावली. वर्तुळ फिरू लागलं. भाचीचा चहा आला, पिऊन झाला. यादी अर्धी उमटली. टिक्‌. थोडं थांबून टिक्‌. मग स्क्रीनवरून डबीच नाहीशी झाली, जणू कधी लावलीच नव्हती.

“जरा वेळ लागेल,” सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मी घरी कळवते.”

भाची गेल्यावर तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. सांगताना ती त्यांच्याकडे न बघता रिकाम्या फळ्यांकडे बघत होती. मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीनं बाईंचा पाय काढायला घेतला. टाच आली. आतल्या कडेचा बाक आला. घोट्यापाशी पेन्सिल थांबली. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवली.

“पूर्वी डोळे मिटले तरी हात सांगायचा,” ते म्हणाले. “आता हातही म्हणतो, डबीत बघ.”

 तोवर सुनेच्या मनात एक आधार होता की काहीच जमलं नाही तर बाबा आहेत.

तिनं वायर पुन्हा लावली. या वेळी डबी दिसली आणि स्क्रीनवर एक चौकट उघडली. डिस्कमध्ये दोष आढळला आहे, दुरुस्त करायचा का?

“हो म्हण की!” नवरा म्हणाला. “विचारतंय बिचारं चांगलं, तर तुझं बोट का अडलंय?”

तिचं बोट खरंच त्या ‘हो’वर होतं. मागून टक्‌-धप्‌ आलं. मास्तरांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळतं असं त्यांनी दाखवलंही नाही.

“आधी बसू दे तिला,” ते म्हणाले. “दमलेल्याला कोणी दारातच कामाला लावतं का? कोणा जाणकाराला विचार.”

बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी एक बाई होती. केसांच्या अंबाड्यात कायम स्क्रू फिरवायचा पेचकस खोचलेला, म्हणून सगळे तिला पेचकसच म्हणायचे, आणि ती ओ द्यायची. ती दुपारी आली. “आधी बसा,” मास्तरांनी म्हटलं.

“बसते कसली, आधी पेशंट दाखवा,” असं म्हणत ती बाकापाशी आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे काय आहे?”

“अंगरखा,” मास्तर म्हणाले.

“काका, तुमचं काम सुरेख आहे. असा बूट मलाही हवा. पण हिला तुम्ही भर उन्हाळ्यात गोधडीत गुंडाळून ठेवलंय.” तिनं नाडी सोडली, डबी बाहेर काढली आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवली. “बघा.”

मास्तरांना चटका बसला. त्यांनी हात काढला नाही. डबी तशीच धरून ते पाहत राहिले.

“आणि बसवली कुठे, तर या मशीनच्या बाकावर,” पेचकस बोलतच होती. “आत एक तबकडी गरगर फिरते. तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर एक सुई तरंगते. बाक हादरला की सुई चुकते. चुकली की मागे येते, पुन्हा वाचते. पुन्हा चुकते. त्यात ही काठोकाठ भरलेली, त्यात तुमचा कॉम्प्युटर सारखा हिच्या पोटात बोटं घालून प्रत्येक फाईलचं छोटं चित्र काढत बसलेला. मंद नाही होणार तर काय नाचणार?” तिनं स्वतःचा लॅपटॉप जोडून डबीची तपासणी लावली आणि थोड्या वेळानं तिचा स्वर उतरला. “हं. नुसता उष्मा नाहीये. काही जागा कच्च्या पडल्यात. त्या जागी आली की ती लंगडते.”

‘लंगडते’ म्हटल्यावर मास्तरांनी मान वर केली.

“दुरुस्त करा म्हणून कॉम्प्युटर विचारत होता,” सून म्हणाली.

“दाबलंस?”

“नाही.”

“वाचलीस. ती दुरुस्ती म्हणजे मोडक्या पायावर माणसाला पळवणं. जाग्यावर आणता आणता आतलं गमावून बसली असतीस. आधी आतलं बाहेर काढायचं, डबीचं मग बघू. आणि सगळं एकदम नाही काढायचं. जे नसलं तर चालणारच नाही, ते आधी. ती केव्हा कायमची बसेल, मी सांगू शकत नाही.”

पेचकसनं आणलेली नवी कोरी डिस्क एका बाजूला लावली. जुनी लांब वायर काढून आखूड नवी वायर घातली, तीही मधल्या जोडणीतून नव्हे, थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. आपोआप चित्रं काढायचं आणि फायली धुंडाळायचं काम बंद केलं. नवऱ्यानं घासायचं मशीन बंद केलं. तळ न घासलेल्या बुटांचा ढीग पाहून तो सुस्कारे सोडत होता. डबी बाकावरून हलवली आणि बाजूच्या भिंतीच्या, कॉम्प्युटरच्या टेबलालगतच्या रिकाम्या फळीवर, बुटाच्या तळाच्या मऊ रबराचा तुकडा घालून त्यावर आडवी ठेवली. बाजूला लहान पंखा. चामडी अंगरखा बाकावर रिकामा पडून राहिला.

“आता हिला बंद करून कुठे हलवू नका,” पेचकसनं बजावलं. “पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. मी तासाभरात येते, गिऱ्हाईक ताटकळलंय.”

सुनेनं बाईंच्या फायली निवडल्या. उजवा पाय. डावा पाय. उजवा निघाला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरसर भरली आणि नव्या डिस्कमध्ये पाय उमटला. सुनेनं श्वास सोडला.

मग डावा. पट्टी निम्म्यापर्यंत भरली आणि थांबली.

टिक्‌.

ती वाट पाहत राहिली. पट्टी हलेना. टिक्‌. नवरा नखं खात होता. सुनेला दवाखान्यातली खाट दिसत होती, खाटेवरच्या बाई, आणि खाटेखाली एकच बूट, उजवा. तिनं हलक्या हातानं काम थांबवलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा लावलं. पट्टी पुन्हा त्याच जागी येऊन अडली. जणू तिथे उंबरा होता आणि डबीचं पाऊल काही केल्या तो ओलांडत नव्हतं. तिसऱ्यांदा तर त्याच्या अलीकडेच अडली.

“हे वाढत चाललंय,” ती पुटपुटली. “प्रत्येक वेळी आणखी अलीकडे अडणार.”

तिनं फळीवर ठेवलेला पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. बारीक, गोल गोल, सतत.

“मशीन बंद केलंय ना तुम्ही?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“बघ ना, बंदच आहे.”

तिनं भिंतीला तळहात लावला. भिंत गुरगुरत होती. पलीकडे सुताराचं रंधा मारायचं मशीन चालू होतं. कानाला त्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकूच येईनासं झालं होतं. मास्तरांच्या बाकावरून काढून त्यांनी डबी सुताराच्या भिंतीवर नेऊन ठेवली होती, आणि पेचकसनं तर ती आता हलवायला मनाई केलेली.

“मी जाऊन सांगते,” ती म्हणाली.

“तू नको,” मास्तर म्हणाले. “तुझं ऐकेल तो. पण तुला ऐकवेलही. ते ऐकायचं काम माझं आहे.”

ते उठले. टक्‌-धप्‌, टक्‌-धप्‌, दाराबाहेर गेले. नवऱ्याला स्क्रीनपाशी बसवून सून त्यांच्या मागोमाग सुताराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

सुतार फळी मशीनवर ढकलत होता. त्याच्या भुवया भुशानं पांढऱ्या झालेल्या. मास्तरांना दारात पाहून त्याचे हात थांबले, मशीन चालूच राहिलं.

“काय?” तो ओरडला.

“मशीन बंद कर थोडा वेळ,” मास्तरही ओरडले.

“का?”

“आमच्या डबीला हादरे बसतात. ग्रंथपालबाईंचा पाय अडकलाय तिच्यात.”

सुतार बघतच राहिला. “तुमची ती डबी? जिनं माझं काम खाल्लं ती? तिच्यासाठी मी माझं मशीन बंद करू?”

“हो.”

“किती वेळ?”

“माहीत नाही.”

“आणि निघाला पाय, तर साचा कोण कोरणार?”

“तो कारखानाच कोरणार,” मास्तर म्हणाले. “तुला खोटी आशा लावायला नाही आलो. तुझं काम गेलं तेव्हा मी येऊन बोलायला हवं होतं. नाही आलो. भुशाचं निमित्त केलं.”

सुनेला वाटलं, आता सुतार हातातली फळी भिरकावणार. तिनं दाराची चौकट घट्ट धरली. मास्तर उभेच होते. आखूड पायावर इतका वेळ ते कधी उभे राहत नसत. सगळा भार घेतलेला उजवा गुडघा हळूहळू थरथरायला लागला होता. सुताराला तो दिसला असावा. त्यानं हात लांब करून बटण दाबलं. मशीन कण्हत कण्हत थांबलं आणि सगळी गल्ली एकदम गप्प झाली.

सुतारानं पायानं एक स्टूल पुढे सरकवलं.

“आधी बस,” तो म्हणाला. “मग बोलू.”

मास्तर बसले.  सून पळत परत आली.

फळीवरच्या पेल्यातलं पाणी आरशासारखं झालं होतं. तिनं डाव्या पायाची फाईल पुन्हा निवडली.  पट्टी निघाली. उंबऱ्यापाशी आली. थांबली. टिक्‌. शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. टिक्‌. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.  टिक्‌. आणि पट्टी कणभर सरकली. मग पुन्हा कणभर. एखादा माणूस भिंतीचा आधार घेत घेत पायरी चढतो, तशी ती वर चढली, आणि मग एकदम मोकळी होऊन शेवटपर्यंत गेली.

सुनेनं नव्या डिस्कमधली फाईल उघडली. पाय आला. आत वळलेला, टाचेशी अरुंद, घोट्यापाशी तो बाक, जिथे मास्तरांची पेन्सिल अडली होती. तिनं माऊसनं तो सगळ्या बाजूंनी फिरवला. कुठे भोक नाही, कुठे तुटलेलं नाही. मग ती टेबलावर डोकं टेकून रडली.

“आता का रडतेस?” नवरा म्हणाला.

“आता वेळ मिळाला,” ती म्हणाली.

पेचकस परत आली आणि पाण्याच्या पेल्याची हकीकत ऐकून हसली. “हादरा थांबला म्हणून निघाला, की डबी निवली म्हणून, की नशीब? मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. मशीन मात्र बंदच ठेवा.” सुतारानं ते दिवस मावळेपर्यंत बंद ठेवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही दुपारभर ठेवलं. थोड्या थोड्या फायली काढायच्या, डबीला निवू द्यायचं, पुन्हा काढायच्या. कोणाचे पाय आधी काढायचे ते मास्तर सांगत. ज्यांचं माप पुन्हा घेता येणार नाही ते आधी, हिंडतेफिरते शेजारपाजारचे शेवटी. काही पाय गेलेच. डबीनं ते दिलेच नाहीत. त्या माणसांना मास्तरांनी स्वतः जाऊन सांगितलं आणि पुन्हा मापाला बोलावलं. नवऱ्याचे सिनेमे काढायची पाळी येण्याआधी डबी कायमची बसली. तो म्हणाला, “बरोबर माणूस ओळखला तिनं.”

बाईंचा साचा कोरून आला. मास्तरांनी बूट केला. सूज उतरल्यावर दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाईंना आधार देऊन उभं केलं, तेव्हा सून सोबत होती. बाईंनी डावं पाऊल टेकवलं, चेहरा आक्रसला, मग सैल झाला. “पुस्तकं कोण लावतंय हल्ली?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मास्तर खाली वाकून फक्त टाचेकडे पाहत होते.

आता दुकानात नवी डिस्क आहे. ती उघड्या फळीवर, मोकळ्या हवेत, सुतारानं करून दिलेल्या चार पायांच्या छोट्या चौरंगावर असते. चौरंगाच्या पायांना रबर लावलेलं आहे. तिचा थोडा भाग कायम रिकामा ठेवतात, तिच्यात सिनेमा जात नाही, आणि कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय कोणी वायर काढत नाही. एखादी जुनी फाईल सून अधूनमधून उगाच उघडून पाहते. पाय पूर्ण उमटेपर्यंत तिचा श्वास अजून अडतो. ती भीती गेलेली नाही, आणि जाऊ नये असंच आता तिला वाटतं.

पेचकसच्या सांगण्यावरून सगळ्या पायांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत ठेवायचं ठरलं. ती ग्रंथपालबाईंच्या कपाटात, वाचनालयात राहते. नवी मापं जमली की सून ती प्रत ताजी करते आणि मास्तर ती परत पोचवायला निघतात. अंगरख्यात नाही. साध्या सुती पिशवीत, छातीशी धरून.

परवाही ते तसेच निघाले. सून काचेपाशी उभी होती. टक्‌-धप्‌, टक्‌-धप्‌. मास्तर सुताराच्या दारासमोर पोचले तसं आतलं मशीन थांबलं. ते दर वेळी थांबतं. बंद डिस्क पिशवीतून नेताना मशीनच्या हादऱ्यानं तिला काही होत नाही, हे सुताराला कोणीच सांगितलेलं नाही. सुनेला माहीत आहे, पण तीही सांगत नाही. हातातली फळी तशीच धरून सुतार दारात आला आणि मास्तरांच्या पाठीकडे बघत राहिला. गल्लीच्या टोकाला वाचनालयाच्या पायरीवर ग्रंथपालबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. मास्तर घाई न करता चालत होते. ते पायरीपाशी पोचेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालं नाही.